दुसऱ्या कानाची सही

“बार्शीकर, कुई करतीय गाडी.”

बबनअण्णा मागच्या सीटवरून हे तिसऱ्यांदा म्हणाले. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. शेजारी माझी बायको सुनंदा बसली होती. चऱ्होलीच्या पुढचा नवा रुंद रस्ता रविवारी सकाळी मोकळा असतो. मी चाळीसचा वेग धरला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ऐकलं. इंजिनची घरघर, टायरचा आवाज, वारा. बास.

“काही नाही अण्णा. जुनी डिझेल जीप आहे. ती काय बासरी वाजवणार?”

“आवो, बासरीच वाजतीय म्हून तर बोलतोय.”

मी सुनंदाकडं पाहिलं. पाहुण्यांसमोर आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, तशा आवाजात ती म्हणाली, “येतोय थोडासा.”

आता मला एवढा राग का आला, ते सांगायला हवं. चाकणच्या एका कंपनीत मी तीस वर्षं गिअरबॉक्स ऐकायचं काम केलं. या खात्याला नॉइज टेस्टिंग म्हणतात. गिअरबॉक्स जोडून झाला की आमच्या बूथमध्ये यायचा. बूथ म्हणजे जाड दाराची, आतून फोम लावलेली खोली. तिथं मोटरवर बॉक्स फिरवायचा, एकेक गिअर टाकायचा आणि ऐकायचं. गिअरचे दात नीट बसले नसतील तर व्हाईन येते, म्हणजे बारीक, एका सुरात लागलेली कुई. बेअरिंग खराब व्हायला लागलं तरी सुरुवात बऱ्याचदा अशाच बारीक आवाजानं होते. पुढं ते घोगरं होतं, आणि मग बहिऱ्यालाही कळतं.

माझा कान प्लँटमध्ये प्रसिद्ध होता. मी बॉक्स रिजेक्ट केला की प्रॉडक्शन मॅनेजर तावातावानं यायचे.

“का थांबवला?”

“थर्डला व्हाईन आहे.”

“मला तर येत नाही ऐकू.”

“म्हणून तर तुम्ही मॅनेजर आहात, साहेब.”

बॉक्स उघडला की माझंच खरं निघायचं. यानं माणूस बिघडतो.

आमच्या शीटवर दोन रकाने होते. लिसनर वन आणि लिसनर टू. दोघांनी वेगवेगळं ऐकायचं आणि दोघांनी सही करायची, असा नियम. एखाद्याचा कान सर्दीनं बंद असतो, एखादा घरून भांडून आलेला असतो, म्हणून ही सोय. प्रत्यक्षात मी सही केली की दुसरा बाहेर खुर्चीत बसूनच सही ठोकायचा. पुढं पुढं त्याला हाक मारायचाही कंटाळा आला. दुसऱ्या रकान्यात मीच आपली एक रेघ ओढायचो. ऑडिटच्या दिवशी तेवढा दुसरा माणूस बूथमध्ये दिसायचा.

शेवटच्या काही वर्षांत बूथमध्ये सेन्सर आले. कानामागून आले आणि तिखट झाले. कॉम्प्युटर लाल-हिरवा दिवा दाखवायचा, मी मान हलवायचो. लोक मला म्हणायचे, तुमचं आणि मशीनचं कधी वेगळं मत होत नाही. मीही ते कौतुक म्हणूनच घेतलं.

रिटायर झाल्यावर दीड वर्षांनी बबनअण्णांनी ही जीप दोरीनं ओढत माझ्या रहाटणीच्या घरासमोर आणून उभी केली. अण्णा चऱ्होलीचे जुने बागायतदार. मी बार्शीहून नोकरीला आलो तेव्हा पहिली चार वर्षं त्यांच्याच खोलीत राहिलो. तेव्हापासून मी बार्शीकर. माझं आडनाव त्यांना आजही माहीत नसावं. आता त्यांच्या उसाच्या रानात बारा मजली इमारती आहेत. मावळात डोंगरावर एक जमीन तेवढी उरलीये, आणि तिथवरचा रस्ता असा की फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय जाता येत नाही. जीप सात वर्षं चिंचेखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

अण्णांच्या दोन्ही मुलांचं म्हणणं, भंगारात द्या. अण्णा चौऱ्याहत्तरचे. ते या गाडीतून डोंगरावर जाणार, हे मुलांना पटत नव्हतं. शेवटी थोरल्यानं अट घातली, “बार्शीकर काकांनी लेखी ओके दिलं, तरच चावी मिळेल.” अण्णांनी ही अट आनंदानं मान्य केली. बार्शीकर आपलाच माणूस, असा त्यांचा हिशोब असावा.

पाच महिने ती जीप आमच्या पोर्चमध्ये होती. स्प्रिंगचे पाटे काढून साफ केले, रबरी बुश बदलले, ब्रेक नवे केले, उंदरांनी खाल्लेलं वायरिंग पुन्हा ओढलं. अण्णा दर आठवड्याला येऊन नवीन मागणी करायचे. मोठे टायर लावा. टपावर लाईटची पट्टी लावा. गाण्याचा हॉर्न लावा.

“अण्णा, पासिंगला आरटीओ नाही म्हणेल.”

“मग तुमी काय लावनार ते तरी सांगा.”

मी दोन गोष्टी लावल्या. एक, चढायला खालची पायरी, कारण अण्णांचे गुडघे. दुसरी, पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब. या जीपमध्ये एरवी मागची चाकं गाडी ढकलतात, पुढच्या चाकांना ताकद गरज पडली तरच मिळते. पण गरज नसतानाही पुढची चाकं आपल्याबरोबर आतला दांडा आणि गिअर फुकट फिरवत राहतात. हबवर एक बटण असतं. ते फ्रीवर केलं की चाक एकटं फिरतं, आतलं सगळं शांत बसतं. लॉकवर केलं की पुन्हा जोडलं जातं.

गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस नावाचा एक छोटा बॉक्स असतो. ताकद पुढं आणि मागं वाटून देणं हे त्याचं काम. तोही मी खोलला, सुनंदाच्या जुन्या पोळपाटावर. पोळपाट जुना आहे हे मी ठरवलं होतं, तिनं नाही. चार बेअरिंग नवी टाकली. पाचवं बोटानं फिरवून कानाशी धरलं. अगदी गप्प होतं. कंपनीचं ओरिजिनल आहे, चांगलं आहे, राहू दे म्हटलं. प्लँटसारखी शीट मी घरीही छापली होती. पहिल्या रकान्यात सही केली, दुसऱ्यात रेघ ओढली.

आणि पहिल्याच ट्रायलला अण्णा म्हणतायत, कुई करतीय.

मी त्यांना चऱ्होलीत उतरवलं. उतरताना ते म्हणाले, “तुमी म्हनत असाल तर न्हाई करत. आमचं काय, आमी शेतकरी मानूस. घरी सांगतो, बार्शीकरांनी ओके दिलं म्हून.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणाले.

घरी आल्यावर सुनंदानं कुकर लावला आणि भाजी निवडत बसली. “तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा,” म्हणाली. मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

“तिथं कशाला उभे राहिलात? इथं बसून ऐकू येत नाही?”

“येतं की.”

“मग बसा इथं.”

मी बसलो. थोड्या वेळानं तिनंच उठून गॅस बंद केला. माझ्या हिशोबानं एकच शिट्टी झाली होती.

“अहो, तुम्ही शिट्ट्या ऐकत नाही, बघता. शिट्टी वर उडाली की मोजता. तीन वर्षं बघतेय मी.”

“मग बोलली नाहीस?”

“बोलले. तुम्ही म्हणालात, माझा कान कंपनीनं सर्टिफाय केलाय.”

खाई त्याला खवखवे. मग मी तिला ते सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीत दर वर्षी कानाची टेस्ट व्हायची. हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. शेवटची चार वर्षं बारीक आवाज मला येतच नव्हते. पण काचेपलीकडं बसलेली मुलगी आवाज सोडताना तिचा उजवा खांदा जरासा हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबायचो. चारही वर्षं रिपोर्ट नॉर्मल.

“म्हणजे कॉपी केली तुम्ही,” सुनंदा म्हणाली. ती शिक्षकाची मुलगी आहे.

“सेन्सर होते ना. वाईट बॉक्स एकही बाहेर गेला नाही.”

“सेन्सरमुळं गेला नाही. तुमच्यामुळं नाही.”

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कान गेला तर मग मी कोण, हा प्रश्न मी इतकी वर्षं टाळत होतो. तिकडं अण्णा माझ्या शब्दावर डोंगर चढायला निघाले होते.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, “चल, जीपमध्ये बस. तू ऐक आणि सांग.”

“मला त्यातलं काय कळतं?”

“कळायचं काम माझं. तू फक्त ऐक.”

काळेवाडीकडच्या सरळ रस्त्याला लागलो. उभ्या गाडीत इंजिन रेझ केलं. “नाही,” ती म्हणाली. चाळीसनं पळवली. “आला.” क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली, नुसती घरंगळू दिली.

“आता?”

“तसाच आहे. गाडी हळू होतेय तसा खाली उतरतोय.”

“कसा आहे?”

“दूध तापताना पातेल्याच्या कडेला आवाज होतो ना, उतू जायच्या जरा आधी? तसा. पण सलग.”

तीस वर्षांत इतकं नेमकं वर्णन मला एकाही इंजिनिअरनं दिलं नव्हतं. आवाज इंजिनबरोबर नव्हता, चाकांबरोबर होता. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. सकाळपासून ट्रायलसाठी मी हब लॉकच ठेवले होते. खाली उतरलो, दोन्ही हब फ्री केले. पुन्हा चाळीस.

“गेला!” ती एवढ्यानं ओरडली की ते मला स्वच्छ ऐकू आलं.

म्हणजे दोष पुढच्या बाजूला. एक तर पुढच्या ॲक्सलमध्ये, नाहीतर ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडाशी. घरी येऊन हब परत लॉक केले, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचललं. केबिनमधली जमिनीची झाकणपट्टी काढली की ट्रान्सफर केस वरून दिसतो. आमच्या धंद्यात सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे लांब स्क्रू-ड्रायव्हर. टोक लोखंडाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं ऐकू येतं. मी तो सुनंदाच्या हातात दिला. आधी बाहेर बसून तिनं पुढच्या ॲक्सलला लावला. मी चाक हातानं फिरवत राहिलो.

“काही नाही. गुळगुळीत आहे.”

मग ती आत सीटवर बसली आणि टोक ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडाला लावलं. मी चाक फिरवलं.

“थांबा. परत फिरवा. इथं कचकच आहे. डाळीत खडे आल्यासारखी.”

त्या तोंडाशी एकच बेअरिंग आहे. पाचवं. तेच, जे मी कानाशी धरून पास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढलं. आतल्या रिंगवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते. रोजच्या सपाट रस्त्यावर ते काही महिने चाललंही असतं. पण डोंगराच्या चढावर चारही चाकं लावून जोर दिला असता आणि ते तिथं तुटलं असतं, तर बॉक्स जागेवर जाम झाला असता. मागं उतार आणि आत अण्णा.

नवं बेअरिंग टाकलं. पुढच्या रविवारी परत ट्रायल. अण्णा मागं, सुनंदा शेजारी. मी कोणाला काही विचारलं नाही. दहा किलोमीटरनंतर अण्णाच म्हणाले, “आता न्हाई करत.”

“आधी करत होती,” मी म्हटलं. “तुमचं बरोबर होतं. मला ऐकू येत नव्हतं.”

अण्णा म्हणाले, “व्हय, आमाला वाटलंच. तुमी गेल्या दिवाळीपासून आमी बोलतो ते सोडून तिसरंच उत्तर देताय. म्हटलं, शिकलेली मान्सं आशीच बोलत आसतील.”

नवी शीट छापली. पहिल्या रकान्यात माझी सही. दुसऱ्यात सुनंदानं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, खाली तारीखही टाकली. अण्णांच्या थोरल्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

“काका, इथं काकूंची सही?”

“ऐकलंय त्यांनी. मी फक्त नट आवळलेत.”

त्यानं चावी अण्णांच्या हातात दिली. अण्णा डोंगरावर जाऊन आले, आणि आता दर महिन्याला जातात. हॉर्न मात्र त्यांनी परस्पर गाण्याचा बसवून घेतला.

मी चिंचवडला जाऊन कानाची टेस्ट दिली. आत गेल्यावर आपणहून खुर्ची भिंतीकडं फिरवली. तपासणाऱ्या मुलीनं कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, जुनी सवय मोडतोय. रिपोर्ट नॉर्मल आला नाही. आता दोन्ही कानांना मशीन आहे.

मशीन लावून पहिल्या संध्याकाळी मी सुनंदाला नेहमीसारखं काहीतरी सुनावलं. पोर्चमध्ये कुंड्या ठेवू नकोस, असं काहीतरी. ती नेहमीसारखी काही न बोलता आत निघाली. निदान मला इतकी वर्षं तसं वाटायचं. ती गप्प बसते, म्हणजे तिला पटतं, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी ती पाठ फिरवून जाताना मला स्पष्ट ऐकू आलं, “पाच महिने जीप चालते, कुंड्या चालत नाहीत.”

“काय म्हणालीस?”

ती दारात थांबली. “ऐकू आलं?”

“हे तू दर वेळी म्हणतेस?”

“दर वेळी.”

कंपनीतली नवी पोरं भेटली की मी आता एवढंच सांगतो. शीटवर दुसऱ्याचा रकाना असेल तर तिथं आपण रेघ ओढू नये. त्यानं बहुतेक आपलं म्हणणं सांगितलेलं असतं.