सरकत गेलेला डबा

मुलीनं मोबाइलवर मला एक कार्टूनचा सिनेमा दाखवला. त्यातल्या घरातली माणसं भांडून बोलणं सोडतात, आणि मग त्यांचं जेवायचं टेबल दर वेळी थोडं लांब होत जातं. शेवटी बाईचा हात मिठाच्या वाटीपर्यंतही पोचत नाही. मुलगी म्हणाली, टेबल खरं वाढत नाही, माणसं लांब गेली असं समजायचं. मी चौथी शिकलेली, पण मला ते तिनं सांगायच्या आधीच कळलं होतं.

आमच्याकडे टेबल नाही, मसाल्याचा डबा आहे. सासरे गेल्यावर, त्यांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून मोठ्या जाऊबाई मला बोलल्या. मी गप्प राहिले. त्यांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी आपला वेगळा डबा आणला. आधी तो माझ्या डब्याशेजारी होता, मग वरच्या फळीवर गेला, मग खिडकीत. सिनेमा पाहिल्यापासून मी सकाळी उठले की आधी डबा बघायची. तो त्यांच्या खोलीत गेला की पाठोपाठ चूलही वेगळी होणार. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी खिडकी रिकामी दिसली.

सासऱ्यांची ती पहिली आखाजी. दुपारच्या आत पितरांचा नैवेद्य विस्तवावर टाकायचा, तोवर घरात कुणी जेवत नाही. नैवेद्याला मांडे लागतात, आणि मांडे दोघींचं काम. एकीनं पुरणाचा उंडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा, दुसरीनं चुलीवर पालथ्या घातलेल्या खापराखालचा जाळ सांभाळायचा. मला जाऊबाईंना हाक मारवेना. एकटीच बसले.

पहिला मांडा जळाला. दुसरा हातांवर पसरला तोवर खापरातून धूर निघायला लागला. हात अडकलेले, लाकूड मागे कसं ओढणार? मांडा मधून फाटत होता. बाहेरच्या ओट्यावरून नवऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं, झालं का. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बाई, जाळ कमी करा ना."

त्या खाली बसल्या, लाकूड ओढलं, खापरावर पाण्याचा हात फिरवला.

"तोंड शे म्हना तुले. माले वाटनं, मुकी हुई गई."

मी मांडा टाकला. त्यांनी तो उलटला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चूल ते येगळी व्हईच. पन मांडा एकलीनी नको करू. माले हाक मारजो."

मी मान हलवली. त्यांची नजर खापरावर होती, त्यांना दिसलं नसणार. म्हणून तोंडानं म्हटलं, "हां बाई."