कन्यादानाचा फोटो

आमच्या मस्कतजवळच्या सीबच्या घरात तक्रार करायची तर आधी नीट उजेडात येऊन उभं राहावं लागतं. नवरा सेलिब्रिटी फोटोग्राफर. मुंबईहून जो कोणी नट, नटी, क्रिकेटपटू मस्कतला उतरेल, त्याला मत्रहच्या समुद्राकाठी उभं करून देखणं करायचं, हा त्याचा धंदा. धंदा म्हटलेलं त्याला आवडत नाही. "मला आतून येतं," म्हणतो. त्याला आतून येतं तेव्हा गॅसवर भाजी करपलेली असते आणि मुलीला शाळेतून आणायचं राहिलेलं असतं. मला कळा सुरू झाल्या तेव्हा याने गाडीची किल्ली शोधण्याआधी खिडकीचा पडदा सरकवला होता, चेहऱ्यावर उजेड छान पडत होता म्हणून.

तसा माणूस सज्जन, हे सांगायला हवं. त्याला बायकांचा नाद नाही, हनुवट्यांचा आहे. "हनुवटी जरा खाली" हे त्याने माझ्या सासूबाईंना, सिलिंडरवाल्याला आणि एकदा ट्रॅफिक पोलिसालाही ऐकवलं आहे.

मुलीचं लग्न इथेच ठरलं, देवळाच्या हॉलमध्ये. मी इथल्याच हमरिया भागातला एक फोटोग्राफर बघून ठेवला, तर हा भडकला. "माझ्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याचा कॅमेरा?" मुलीची एकच अट होती. इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, मराठी अडखळत बोलते, पण हे तिने नीट जुळवून सांगितलं. "बाबा, कन्यादानाला कॅमेरा ठेवून द्यायचा. तू माझ्या बाजूला बसायचं. प्लीज."

"इन्शाल्ला," हा म्हणाला.

या देशात इतकी वर्षं काढल्यावर कुठल्या सुरातल्या इन्शाल्लाचं काम होत नाही, ते मला कळतं. भावाला फोन करून सांगितलं, सोवळं घेऊनच ये.

मंगलाष्टकं झाली. हार घालून झाले. याने ते पुन्हा घालायला लावले. मग गुरुजींनी काशाचं ताट मांडलं. खाली नवऱ्यामुलाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, आणि वर बापाची यायची. कॅमेरा खरंच बाजूला ठेवून हा पाटावर बसला होता. मी पाण्याचा कलश उचलला, इतक्यात दारात गलका झाला. सकाळी याने जिचे फोटो काढले ती नटी आशीर्वाद द्यायला आली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! हा कॅमेरा उचलून पळाला.

"अहो यजमान!" गुरुजी ओरडले.

"आलोच, हिला आधी स्टेजवर घेतो."

मामा पाटाकडे यायला लागला तर मुलीने मानेनेच नको म्हटलं. ओंजळ तशीच धरून ती बापाकडे बघत बसली. डोळ्यांतून घळघळ पाणी. शेवटी हा तिकडून वळला, आणि मला वाटलं, आला. तर समोर येऊन गुडघ्यावर बसला. "अशीच थांब, हलू नकोस. काय सुंदर उजेड पडलाय!"

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. कलश भावाच्या हातात दिला, याच्या रिकाम्या पाटावर बसले आणि माझी ओंजळ तिच्या ओंजळीवर धरली. "गुरुजी, यल्ला," म्हटलं. गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मंत्र सुरू केला. पाणी पडत राहिलं, कॅमेरा वाजत राहिला.

फोटो अप्रतिम आलाय, ते नाकारून चालणार नाही. दिवाणखान्यात भिंतभर लावलाय. पाहुण्यांना हा त्यातल्या उजेडाबद्दल सांगतो. "मुलीचे वडील कुठे दिसत नाहीत?" असं कोणी विचारलं, की अभिमानाने म्हणतो, "काढला कोणी मग?"

मुलगी दुबईला सासरी निघाली तेव्हा तोच फोटो लहान फ्रेममध्ये घालून हा गाडीपर्यंत धावत गेला. "ने ना. बघ, फोटोत डोळे किती सुंदर आलेत!"

तिने फ्रेम हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

"बाबा, मी तुला बोलवत होते," ती म्हणाली.