दस्तीखालचा सौदा

छापील भाव म्हणून जगात काही असतो, हेच आमच्या मामाला मान्य न्हाई. मामा म्हंजे माझे सासरे, सटवा. चौसाळ्याच्या अलीकडं माळावर आमची वस्ती, आन त्यांची समदी हयात मेंढरांमागं गेलेली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत न्हाईत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून दस्ती, म्हंजे खांद्यावरचा रुमाल, टाकायची आन आत बोटं दाबायची. किती दाबली, कशी दाबली, ते त्या दोघांनाच ठाऊक. भोवतीची माणसं नुस्ती त्यांच्या तोंडाकडं बघत ऱ्हातेत. मामाच्या लेखी हाच तेवढा खरा व्यवहार, बाकी समदी लबाडी. काडीपेटी आणाया गेले तरी दुकानदाराशी हुज्जत. एकदा एसटीत कंडक्टरचाच हात धरला. तो म्हणला, "बाबा, आधारवर तुमचं वय पंच्याहत्तरच्या पुढं हाय, तुमाला तिकीट फुकट." तर मामा बीड येईपर्यंत बेजार. "फुकट नेतोय म्हंजे कुटंतरी मदीच उतरवणार ह्यो," म्हणले.

मी संगीता, ह्या घरची सून. माझं तोंड लई चालतं असं समदे म्हणतेत. चालू द्या. सासरा बोटांनी बोलतो, नवरा दिवसभर मेंढरांशी बोलतो, मग माणसांशी कुणीतरी बोलाया नको का?

आता आत्याबाईचं सांगते. आत्याबाई म्हंजे माझी सासू, रतनबाई. त्यांना बीपी निघाला, आन हृदयाचं बी थोडं दुखणं. डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवायचा न्हाई. गोळ्या चांगल्या होत्या, गुण बी होता, पण नामी कंपनीच्या, लई म्हाग. आमच्या घरी पैसा म्हंजे मेंढरू. गोळ्या सरत आल्या की एक मेंढरू बाजारात जायचं. मामा एका शब्दानं कुरकुरले न्हाईत. "रतनच्या दवेपुढं मेंढरू काय चीज हाय," म्हणायचे आन दस्ती खांद्यावर टाकून निघायचे.

पण आत्याबाईचं काळीज तुटायचं. एकेक कोकरू त्यांनी मांडीवर घेऊन वाढवलेलं. मग त्यांनी आपल्या मनानं तोड काढली. एक दिवस गोळी खायची, दुसऱ्या दिवशी गोळीचा उपास! पाकीट जास्त पुरतं, मेंढरू उशिरा जातं. कुणाला कळू दिलं न्हाई. देवाचे उपास कमी होते म्हून हे नवीन धरलं बाईनं.

एका सकाळी मेंढरं सोडायच्या टायमाला त्या जाळीजवळच कोसळल्या. मी पाण्याची घागर टाकून पळाले. डोळे फिरलेले, हात गार. मला वाटलं, गेल्या. खोटं कशाला सांगू, मी बोंबच ठोकली.

माझा भाऊ धर्मराज अंबाजोगाईला ऱ्हातो, म्हून तिकडच्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंढरांपाशी आमचे हे, बजरंग, ऱ्हायले. आत्याबाई दोन-चार दिवसांत उठून बसल्या, आन तवा उपासाचं बिंग फुटलं. डॉक्टरीण होती लहानशी, कालेजातल्या पोरीच्या वयाची वाटावी, पण आत्याबाईला असं झापलं की मलाच हुरूप आला. मग मला बाजूला घेऊन म्हणली, "ताई, ह्याच औषधाच्या साध्या गोळ्या मिळतात. औषध तेच, नुस्तं कंपनीचं नाव मोठं नाही. स्टँडमागं स्वस्त औषधांचं दुकान आहे, तिथून घ्या. पण रोज द्या. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

माझ्या जिवात जीव आला. मामाला घेऊन तशीच दुकानात गेले. दुकानदार अभिमन्यू नावाचा पोरगा, चष्मा लावलेला, गरीब तोंडाचा. त्यानं गोळ्या काढल्या, भाव सांगितला. मी दोनदा इचारलं, येवढा कमी. आन मामानं काय करावं? काउंटरवरचा त्याचा हात धरला आन वर दस्ती टाकली!

"बाबा, हाताला लागलं का काही?" पोरगा घाबरून म्हणला.

मामा आत बोटं दाबतेत, पोरगा माझ्याकडं बघतोय. मी सांगितलं, भाव करतेत. तो हसला आन हात काढून घेतला. "बाबा, इथं भाव होत नाही. छापलेलीच किंमत."

झालं. मामानं दस्ती झटकली आन चालू पडले. मी मागं पळत, "आवो मामा, कावून?"

"म्हाग माल घासाघीस करून सस्ता व्हतो, त्ये समजतं मला. पयल्यापासून सस्ता, आन वर भाव बी करत न्हाई? आसलं जनावर एकतर लंगडं आसतंय न्हाई तर चोरीचं. रतनला मी हलकी दवा न्हाई खाऊ घालणार." आन चालता चालताच बोलून गेले, "चांदीला इकू ह्या बाजारी."

चांदी म्हंजे आमची म्होरकी मेंढी. ती निघाली की समदा कळप मागं निघतो, ती थांबली की थांबतो. दवाखान्यात आत्याबाईच्या कानावर गेलं, तशा त्या उशी टेकून ताठ बसल्या. "चांदी इकली तर त्या पैशाची गोळी मी तोंडात घेणार न्हाई. लिहून घ्या."

आता करा! मामा सस्ती गोळी घेईनात, आत्याबाई म्हाग गोळी खाईनात. दोघं बी हट्टी, दोघांचा एकमेकांवर जीव, आन त्या पायी माझी सासू मरायला टेकली! मला असा संताप आला. पायात चप्पल सरकवली आन एकटीच त्या दुकानात गेले.

"दादा," म्हणलं, "उद्या माझे सासरे परत येतील. तुमी दस्तीखाली हात द्यायचा. आधी जास्त मागायचं, मग हळूहळू उतरायचं, आन तुमच्या छापील भावावर येऊन थांबायचं."

"ताई, जास्त भाव सांगता येत नाही. माझं लायसन जाईल."

"सांगू नका की! तोंड उघडायचंच न्हाई त्याच्यात. नुस्ती बोटं दाबायची."

त्यानं चष्मा पुसला. मी त्याला आत्याबाईचा उपास सांगितला, चांदीचं सांगितलं. गिऱ्हाईक थांबलं होतं, ते बी म्हणलं, "दे बे हात, तुजं काय जातंय?" मग तयार झाला बिचारा. आता खरं म्हंजे दस्तीखाली बाईमाणसाचा हात कधी जात न्हाई. ल्हानपणी वडलांनी गमतीत शिकवलतं, तेवढ्यावरच मी त्याला बोटं शिकवली, पेर कधी दाबायचं, पंजा कधी धरायचा.

दुसऱ्या दिवशी मामाला म्हणलं, "काल त्या पोराला गिऱ्हाइकांपुढं लाज वाटली. त्योच मालक हाय, आज भाव करतो म्हणतोय." मामानं कान टवकारले. पटका नीट बांधला, दस्ती झटकली, निघाले.

काय तो सौदा! हातावर दस्ती पडली. अभिमन्यूनं दाबलं. मामानं भुवया वर केल्या, एकदा माझ्याकडं बघितलं, आन मान हलवली. परत दाबादाबी. "आसं न्हाई, आसं न्हाई," मामा पुटपुटले. पोराला घाम फुटला. मी मनात म्हणलं, लई कडक गडी हाय माझा सासरा, सोडत न्हाई त्याला. एकदा तर मामा हात सोडून दारापर्यंत गेले. अशा टायमाला मागून हाक मारायची असती, मी तसं शिकवलतं. पण पोरगा नुस्ता बघत उभा! मी खोकले, परत खोकले, तवा कुठं म्हणला, "अं... बाबा, या." मामा परतले. शेवटी त्यांनी पोराचा पंजा घट्ट धरून हालवला आन दस्ती काढली. सौदा जमला होता, छापील भावावर, पैशाचा फरक न्हाई. मी डोळे मिटून अंबाजोगाईच्या देवीला हात जोडले.

आत्याबाईला मामानं मिशी पिळत सांगितलं, "घासून आणली. मालक रडायचा ऱ्हायला." आत्याबाईनं इचारलं, "चांदी?" "ऱ्हाती की घरी." तवा त्यांनी पाणी मागितलं आन गोळी घेतली. मी बाहेर येऊन पदर डोळ्याला लावला.

तवापासून दर महिन्याला मामा एसटीनं अंबाजोगाईला जातेत, गोळ्या घेऊन येतेत. आत्याबाईचा बीपी जाग्यावर हाय. चांदीनं कोकरू दिलंय.

आन परवा काय झालं. लोकर कातरून झाली, मामा कातर पुसत बसलेले. मला म्हणले, "संगे, त्या पोराला बोटं चुकीची शिकवलीस तू."

माझ्या हातातलं पोतं खालीच पडलं.

"जास्त मागायच्या जागी त्यानं कमी दाबलं. आदल्या दिशी तोंडानं सांगितला व्हता त्याच्या बी निम्मं! मी म्हणलं, आसं न्हाई लेकरा, वर चढ. तर ह्यो आणखी खाली. मीच त्याला रेटत रेटत त्याच्या भावावर आणला, न्हाई तर दुकान बुडालं असतं त्याचं."

मला हसू आवरेना, आन राग बी आवरेना. "मग कळलं हुतं तर घेतली कावून?"

"आगं, ज्याला सोताचा नफा दाबता येत न्हाई, त्यो काय फसवणार आपल्याला?"

"आन अजून दर महिन्याला तिथं दस्ती कशाला टाकता? आता तर ठरलेलाच भाव हाय."

मामानं घराकडं बघितलं. आत आत्याबाई भाकरी थापत होत्या. "तुज्या आत्याबाईला वाटतं, मी लई घासून आणतो. फुकटात पडल्यासारखी वाटती तिला गोळी, म्हून रोज खाती. तिनं इचारलं तर खोटं कसं बोलू? म्हून त्यो पोरगा हात देतो बापडा, आन मी धरतो."

तेवढ्यात आत्याबाई परात घेऊन दारात आल्या. "काय खुसपुस चाललीय? आन गोळ्या आणल्या ना? मानला का मालक ह्या खेपेला?"

"मानतोय कुठला!" मामा म्हणले. "पण मी सोडतो व्हय त्याला?"

आत्याबाई हसल्या, पिठाचा हात पदराला पुसला आन म्हणल्या, "संगीता, पाणी आण गं." मी तांब्या भरून आणला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, आन भाकरी करपती म्हून पळत आत गेल्या.