विहीणबाईंची गंगा, आमची मुठा

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नारायण पेठेतून प्रस्थान ठेवलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी आठ वर्षांची नात जुई. सोबत पाण्याची बाटली, दोन चिक्क्या आणि जुईचं दप्तर, ज्याला ती मला हात लावू देईना. जायचं होतं मुळा-मुठेच्या संगमावर. अंतर एवढंसं, पण कारण मोठं होतं. ते कारण बिबवेवाडीला राहतं आणि त्याचं नाव कुमुदताई. आमच्या विहीणबाई, सुनेची आई.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जुईला काशीला नेऊन गंगा दाखवली. तेव्हापासून घरात उठता-बसता कुमुदआजी आणि तिची गंगा! तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, डोळे मिटून फळ्यावर गंगा काढली. आणि माझ्या नातीला देशातली सर्वांत लांब नदी दाखवली कुणी, तर जिने जन्मात नकाशा उघडला नाही तिने. माझा जळफळाट झाला, लपवत नाही. म्हटलं, नदी आपल्याकडेही आहे.

पहिला थांबा ओंकारेश्वराच्या देवळाजवळचा काठ. जलपर्णी (पाण्यावर पसरणारी हिरवी वनस्पती) इतकी माजलेली की पाणी शोधावं लागलं. जुईने नाकाला रुमाल लावला. फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

"काय बघताय?"

"नदी."

"परगावच्या का आपण?"

"नाही, नारायण पेठेतली."

"मग वासाची सवय असेल," असं म्हणून ते चालू लागले.

"गंगा केवढी मोठी होती गं! पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसायची," जुई म्हणाली. "तू बघितलीयस ना?"

"कितीदा तरी," मी ठोकून दिलं.

खरं म्हणजे एकदाही नाही. कधी पेपर तपासायचे होते, कधी सासूबाईंचं आजारपण, आणि मग ते राहूनच गेलं.

पुढे मिसळ खाल्ली. पहिल्याच घासाला जुईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काशीला कुमुदआजी माझ्या कचोरीवर आधी दही घालायची," ती म्हणाली. मी मुकाट्याने दही मागवलं. वाटी ठेवताना जरा आपटलीच.

रिक्षाने संगमावर पोहोचलो. काठाशी उतरताना माझी चप्पल चिखलात रुतली, ती जुईने काठीने उपसून काढली. ती हातात धरून, एका पायाने लंगडी घालत मी शिकवायला सुरुवात केली.

"ही मुठा, ती मुळा. दोघी मिळून भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला."

"आणि गंगा?"

"ती हिमालयात बर्फाच्या गुहेतून निघते. वाटेत यमुनेसारख्या नद्यांना सोबत घेते, आणि..." मी अडखळले. "तीही बंगालच्या उपसागरालाच मिळते."

नकाशासुद्धा माझ्या बाजूचा नव्हता.

जुईने दप्तर उघडलं. आतून लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा गडू निघाला. गंगेचा. काशीहून आणलेला गडू आपल्याच घरी पुजायचा आणि मावंदं (यात्रेहून परतल्यावर घालायचं जेवण) करायचं, अशी रीत. तो असा दुसऱ्याच्या घरी कुणी देत नाही.

"कुमुदआजीने तुझ्यासाठी दिलाय. संगमावरच द्यायचा होता मला. तू गंगा बघितलीच नाहीस, असं बाबा म्हणाला तिला."

म्हणजे माझी थाप हिला सकाळपासून ठाऊक होती. माझे कान गरम झाले.

"हे पाणी कुठून येतं, असं मी तिला रोज विचारायचे," जुई पुढे म्हणाली. "ती म्हणायची, मला नमस्कार तेवढा येतो, बाकीचं तुझ्या त्या आजीला विचार. एकदा तर रडलीच."

"रडल्या? का गं?"

"म्हणाली, एवढी गंगा दाखवली, तरी पोरीला आठवण येते ती त्याच आजीची."

मी खाली बसले. त्या बाईचा मी महिनाभर हेवा करत होते, आणि ती गंगेच्या काठावर बसून माझा करत होती.

घरी पोहोचताच चिखलाच्या चपलांनीच फोन लावला.

"विहीणबाई, मी गंगा पाहिलेली नाही."

"माहीत आहे हो. म्हणून तर गडू धाडला."

"मावंदं आपण दोघी मिळून करू. गडू तुम्ही पुजा, मी जेवायला येणाऱ्या पोरांना नकाशा काढून दाखवते."

पलीकडून हळूच आवाज आला, "आणि जेवायला जुई कुणाशेजारी बसणार?"

"तुमच्या," मी म्हणाले. म्हणताना पोटात दुखलंच.