रेखाच्या पोटात काय होतं

रेखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या डेपोत होते. तिची जाऊ बोलत होती, "रेखा गेली... अन् बिचारीच्या मांगं लेकरू बी नाही." मरणाच्या बातमीतही लेकरू! मी फोन कापला. महिना उलटला, राग उतरलेला नाही.

दर्यापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे दोघीही एसटीत कंडक्टर झालो, मी अमरावतीला, ती लग्नानंतर अकोल्याला. खच्चून भरलेल्या गाडीत तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. घरात मात्र तो कुणालाच ऐकू जात नव्हता. मूल होत नाही म्हणून तपासण्या तिच्या, सुया तिला, उपास तिला, अंगारेही तिलाच. डॉक्टरबाईंनी एकदा नवऱ्याचीही तपासणी सांगितली, तर "माह्यात काय खोट हाय?" म्हणून तो उठूनच गेला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायची गरज कुणालाच वाटली नाही. वांझ म्हणायला ती होतीच.

चाळिशीनंतर तिचं पोट फुगायला लागलं. दोन घासांत पोट भरायचं, सारखं लघवीला लागायचं... आणि चालत्या गाडीत ते दाबून धरायचं. सासू हरखली. "दिवस गेले असन!" चाचणीत काही निघालं नाही, तेव्हा रेखानेच फसवल्यासारखी ती फुगून बसली. मग सगळ्यांनी ठरवलं, गॅस आहे. त्यांच्या गल्लीतल्या दवाखान्यानेही गॅसच्याच गोळ्या दिल्या. शेवटी मीच तिला सोनोग्राफीला नेलं. अंडाशयात गाठ होती, कॅन्सरची शंका होती. दोन्ही अंडाशयं आणि गर्भपिशवी काढावी लागेल, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. नवरा म्हणाला, "पिशवी तं राहू द्या मॅडम. लेकरू कसं होईन मंग?"

"आधी ह्यांना जगू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने तिला घरी नेलं. काढे झाले, देवाला कौल लावून झाला, अख्खा पावसाळा गेला. अखेर एके सकाळी रेखाने स्वतःच कपड्यांची पिशवी भरली. "पोट माहं हाय. मी जातो दवाखान्यात. तुमाले यायचं तं या." ऑपरेशन झालं, पण तोवर आजार पसरला होता. लवकर येऊनही खात्री देता आली नसती, हा आजार लपून राहतो, असं डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. कबूल. पण सापडल्यावरही त्याला घरात वाढू देणाऱ्या माणसांचं काय करायचं?

केमोने केस गेल्यावर ती डोक्याला रुमाल बांधून अकोल्याच्या डेपोत जायची आणि प्रत्येकीला खडसावायची, "पोट फुगून राहिलं, जेवण जात नाही, तं गॅस म्हणून बसू नोको. तपासून घे. अन् नवऱ्याले इचारत बसू नोको."

परवा माझी गाडी अकोल्याला गेली. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत नव्याने लागलेली एक कंडक्टर ओल्या फडक्याने आरसा पुसत होती. आरशाच्या कडेला टिकल्या होत्या. तोंड धुताना रेखा तिथे चिकटवायची आणि विसरून जायची.

"राहू दे त्या," कोपऱ्यातून एक जुनी कंडक्टर म्हणाली. "रेखाबाईच्या हायेत."

"कोन रेखाबाई?"

आम्ही तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. अंडाशय हा शब्दही मोठ्याने उच्चारला. बाहेर ड्रायव्हर चहा पीत उभे होते... ऐकू जाऊ दे म्हटलं.