फाटणारा आवाज

अ‍ॅम्प्लिफायर तापला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला इंदुरी गावचे ते आबा आठवतात. माउथ ऑर्गनसाठी स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर शोधत मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या भजनी मंडळाने विकायला काढलेला अ‍ॅम्प्लिफायरचा जुना डबा त्यांनी पुसून पुढे ठेवला. “आवाज फाटतो ह्याच्यात,” त्यांनी आधीच सांगितलं. मी वाजवून पाहिलं. सूर खरखरीत, भरदार निघाला, मला हवा होता अगदी तसा. “हाच घेतो,” मी म्हणालो. आबांनी डब्यावर हात ठेवला. “म्हंजी तुमचा बी आवाज फाटला, तरी तुमाला त्योच हवा! आन् माजा गळा गेला म्हणून मंडळानं माजं गाणं थांबवलं, हातात टाळ दिले. एकदा त्यांच्याम्होरं वाजवाल का?” “येतो की,” मी म्हणालो. त्या डब्यावर मी रोज वाजवतो. इंदुरीला मात्र अजून गेलेलो नाही.