घाटापुरतं इंजिन

पंचाहत्तर सालच्या आसपास मी नाशिकहून इगतपुरीच्या शाळेत शिकवायला जायचो. परतताना स्टेशनावर एक पिकल्या केसांचा इंजिन ड्रायव्हर दिसायचा. मुंबईकडून येणारी गाडी मागून ढकलत घाट चढवायची आणि इथं आपलं इंजिन सोडवून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. गाडी पुढं निघाली की तिच्याकडे बघत तो हात जोडायचा.

एकदा बाकावर धपकन बसून त्यानं मला एकुलत्या मुलाच्या लग्नाची पत्रिका दाखवली. ती टपालानं आली होती, लग्न उरकून आठवडा झाल्यावर.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"लय आला, मास्तर. पण आपण घाटापुरते. पुढं गाडी देवाच्या हाती."

तेवढ्यात नुकतीच घाट चढून आलेली गाडी हलली. तो उठला आणि त्यानं हात जोडले. पत्रिका तळहातांमध्येच राहिली.